नवशिक्या डीजेच्या मिश्रणावरील अभिप्राय : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात ‘डीजे’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी रूढ झालेला आहे. ‘हळदीला डीजे आणला’, ‘मिरवणुकीत डीजे लावला’, ‘दहा वाजता डीजे बंद केला’ या वाक्यांतील डीजे हा मनुष्य नसून, ध्वनिक्षेपकांची रचलेली भिंत, तिला जोडलेले अॅम्प्लिफायर, जनरेटर आणि हा सारा संभार वाहून नेणारा टेम्पो यांना मिळून दिलेले ते नाव होय. ‘आमच्या आळीतला डीजे’ असे म्हटले म्हणजे मात्र गाणी वाजविणारा मनुष्य अभिप्रेत असतो. मुळात ही संज्ञा तबकड्या वाजविणाऱ्या माणसाची. ती येथे यंत्राला मिळाली. भाषेच्या अभ्यासकास ही मौजेची गोष्ट वाटेल. परंतु तिचा एक परिणाम नव्याने ही कला शिकणाऱ्यास भोगावा लागतो. स्तुती असो वा निंदा, ती बहुधा यंत्राच्या वाट्याला जाते. ‘डीजे जबरदस्त होता’ या उद्गारात आवाज मोठा होता एवढेच सांगितलेले असते. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना वाजविणाऱ्याने काय साधले आणि काय बिघडविले, याविषयी त्यात अवाक्षरही नसते. नवशिक्याला आपल्या कामाविषयी उपयुक्त अभिप्राय कसा मिळावा, हा प्रश्न या परिसरात उभा राहतो तो या ठिकाणी.

प्रथम ‘मिश्रण’ म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे, कारण बोलीत ‘मिक्स’ आणि ‘रीमिक्स’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. रीमिक्स म्हणजे एकाच गाण्याचे बदललेले रूप : जुन्या कोळीगीताचा गळा तसाच ठेवून ढोलकीच्या जागी नवा विद्युत् ठेका घातला, की रीमिक्स झाले. मिक्स अथवा मिश्रण म्हणजे अनेक गाण्यांची अखंड साखळी. तीत कडी कडीत अशी अडकलेली असावी की नाचणाऱ्याचा पाय मध्येच अडू नये. नवशिका घरी कंट्रोलर आणि संगणक यांच्या साहाय्याने अर्ध्या-एक तासाची अशी साखळी तयार करतो, ती मुद्रित करतो आणि मित्रांना ऐकवितो. मित्र ‘भारी’ म्हणतात, फार तर ‘बेस कमी आहे’ म्हणतात. येथवरचा अनुभव बहुतेक सर्व शिकाऊंचा सारखाच असतो.

‘बेस कमी आहे’ हा अभिप्राय वाटतो तितका निरर्थक नाही. मात्र तो मिश्रणाविषयी असतोच असे नाही. फोनच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकातून सुमारे २०० हर्ट्झच्या खालचे स्वर फारच क्षीण उमटतात, आणि विद्युत् ठेक्याचा मुख्य आघात तर ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे ऐकणाऱ्याने ज्याची उणीव सांगितली ती वस्तू त्याच्या कानापर्यंत पोचलेलीच नव्हती. दुसरा प्रकार लोकलचा. या परिसरातील हजारो माणसांची संगीत ऐकण्याची वेळ म्हणजे डोंबिवली ते मुंबई हा प्रवास. डब्याच्या घरघरीत खालचे स्वर बुडून जातात, आणि तेथे हेडफोन लावून ऐकणारा मनुष्य बेस कमी असल्याची तक्रार अगदी प्रामाणिकपणे करतो. शिकाऊ तिला मान देऊन बेस चढवितो, आणि तेच मिश्रण मंडपातील मोठ्या ध्वनिक्षेपकांवर वाजले की त्याचा चिखल होतो. म्हणून अभिप्राय घेताना ‘कसे वाटले’ याच्या आधी ‘कशावर ऐकले’ हे विचारणे अगत्याचे ठरते. ही साधी चौकशी सहसा कोणी करीत नाही.

याच्याच जवळची आणखी एक फसगत आवाजाच्या पातळीची आहे. एकच ध्वनिमुद्रण दोन पातळ्यांवर ऐकविले, तर किंचित मोठे असलेले बहुतेकांना चांगले वाटते. फरक केवळ पातळीचा आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे आपल्या मिश्रणाच्या दोन आवृत्त्यांपैकी सरस कोणती हे विचारावयाचे असेल, तर आधी दोहोंची पातळी सारखी करावी लागते. ते न करता घेतलेला कौल मोठ्या आवाजाच्या बाजूनेच जाण्याचा संभव फार.

आता खऱ्या दोषांकडे वळावयाचे. त्यांतील सर्वांत ढोबळ दोष कालाचा. दोन गाणी एकाच वेळी वाजत असताना त्यांचे आघात एकमेकांवर तंतोतंत पडले पाहिजेत. मिनिटाला १२४ आघात असलेल्या गाण्यात एक आघात सुमारे ०.४८ सेकंदाचा असतो. दुसऱ्या गाण्याची गती १२४.५ ठेवली गेली, तर तो अर्ध्या आघाताचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण अवघ्या सहा सेकंदांत दोन ठोके सुमारे २४ सहस्रांश सेकंदाने फाकतात आणि एका ठोक्याऐवजी ‘धडड्’ असा जोडठोका ऐकू येऊ लागतो. मिनिटाअखेर तर एकाचा आघात दुसऱ्याच्या बरोबर मध्यावर येतो. हा दोष नाचणाऱ्यालाही जाणवतो. त्याला नाव देता येत नाही इतकेच. आजच्या यंत्रांत गती आपोआप जुळविणारे बटण असल्याने हा दोष कमी झाला आहे. त्याबरोबर तो ओळखणारा कानही दुर्मिळ होत चालला आहे, अशी जुन्या वादकांची तक्रार असते. तीत तथ्य आहे.

दुसरा दोष आवर्तनाचा आहे, आणि तो कोणतेही बटण सहजासहजी सावरू शकत नाही. नृत्यासाठी रचलेले विद्युत् संगीत बहुधा चार-चार आघातांच्या मापात चालते आणि आठ मापांनी, म्हणजे ३२ आघातांनी, त्याचे एक वाक्य पूर्ण होते. १२४ च्या गतीत हे वाक्य साडेपंधरा सेकंदांचे असते. नवे गाणे या वाक्याच्या आरंभाशी आरंभ जुळवून सोडले नाही, तर प्रत्येक ठोका जुळलेला असूनही सारा प्रवेश भलत्याच जागी झाल्यासारखा वाटतो. मराठी श्रोत्यास हे समजाविण्यासाठी परकी परिभाषा धुंडाळण्याचे कारण नाही. ‘ठेका जुळला, पण सम चुकली’ असे म्हटले की पुरे. ज्या ठाण्यात पंडित राम मराठे यांच्यासारखा गवई राहिला, जेथे अहमदजान थिरकवा यांची तालीम लाभलेल्या पंडित भाई गायतोंडे यांनी तबल्याची विद्या दिली, आणि ज्या कल्याणात गायन समाजासारख्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या श्रोते घडविले, त्या परिसरात सम ओळखणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांतील फारच थोड्यांना डीजेचे मिश्रण ऐकून मत देण्याची विनंती कोणी केली असेल. शेजारच्या तबल्याच्या वर्गातील विद्यार्थ्याला विद्युत् संगीताची गोडी नसेना का, ‘तिसऱ्या गाण्यात तू अर्ध्या आवर्तनावर आलास’ हे तो सहज सांगू शकेल, आणि शिकाऊला तेच हवे असते.

तिसरा दोष खालच्या स्वरांच्या गर्दीचा. दोन गाण्यांचे बेस एकाच वेळी पूर्ण उघडे ठेवले तर दोनांपैकी एक गोष्ट घडते. लहरी एकमेकींशी जुळल्या तर दाब दुप्पट होऊन पातळी ६ डेसिबेलपर्यंत वाढते आणि ध्वनिक्षेपक गुदमरतो. त्या परस्परविरुद्ध पडल्या तर बेस अचानक नाहीसा होतो. म्हणून अनुभवी वादक एका गाण्याचा बेस उतरवीत असतानाच दुसऱ्याचा चढवितो. हेडफोनवर हा दोष बेताचा वाटतो. मंडपात तो पोटात जाणवतो. तो ओळखण्यास सर्वांत योग्य मनुष्य म्हणजे साउंडवाला. खोके चढविणारा, तारा जोडणारा हा माणूस संगीतज्ञ म्हणून ओळखला जात नाही. पण एका रात्रीत त्याच्या पेट्यांतून कित्येकांची मिश्रणे वाहून गेलेली असतात, आणि कोणाच्या हाताखाली पेटी फाटते हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी जाणत नाही.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही शहराला लागू पडेल. या परिसराचा म्हणून जो खास प्रश्न आहे, तो आगरी-कोळी गीतांचा. कल्याण, डोंबिवली आणि भिवंडी यांच्या सभोवतीच्या गावांत हळदीची रात्र ही शिकाऊ डीजेची खरी शाळा असते. या समाजाच्या लग्नविधीत धवलारीण धवले गाते. विधी आटोपला की अंगणात नाच सुरू होतो, आणि तेथे कोळीगीतांना पर्याय नाही. अनेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन झोक्यांचा असतो. होडीच्या हेलकाव्याची उपमा त्याला सर्रास दिली जाते. ती घासून गुळगुळीत झाली असली तरी खोटी नाही. याउलट विद्युत् नृत्यसंगीतात प्रत्येक आघाताचे दोन किंवा चार समभाग पडतात. नवशिक्याला या दोहोंची सांगड घालावयाची असते, आणि त्याच्या अडचणींना सुरुवात संगणकापासूनच होते.

समजा, एका कोळीगीतात मिनिटाला ११६ मुख्य झोके आहेत. प्रत्येक झोक्यात तीन मात्रा, म्हणजे मिनिटाला ३४८ मात्रा झाल्या. गती मोजणारी प्रणाली मुख्यतः दोन-चारच्या हिशेबावर बेतलेली असल्याने ती पुष्कळदा या मात्रा दोन-दोनच्या जोड्यांनी मोजते आणि गतीचा आकडा १७४, किंवा त्याच्या निम्मा ८७, असा दाखविते. शिकाऊ तो आकडा प्रमाण मानतो आणि हे गाणे १२४ च्या गाण्याला जुळणारच नाही असा निष्कर्ष काढतो. जो टाळी वाजवून गती मोजतो त्याला खरा आकडा क्षणात सापडतो.

पुढे ११६ ची गती १२४ वर न्यावयाची तर ती सुमारे ६.९ टक्क्यांनी वाढवावी लागते. तबकडीच्या काळातील प्रसिद्ध टेक्निक्स यंत्राच्या सरकपट्टीला दोन्ही बाजूंस ८ टक्क्यांचा वाव होता, त्यात हे बसते. पण तबकडी वेगाने फिरली की स्वरही चढतो, आणि ही चढण अर्ध्या स्वरापेक्षा किंचित अधिक भरते. गायिकेचा गळा ओळखीचा असेल तर तो कोवळा झाल्यासारखा वाटतो. आजची यंत्रे स्वर कायम राखून केवळ गती वाढवू शकतात; मात्र तसे करताना ढोलकीच्या थापेची धार बोथट होते. म्हणजे कोठे ना कोठे किंमत मोजावीच लागते. ती कोठे मोजली हे ऐकणाऱ्याने सांगावे, अशी शिकाऊने अपेक्षा करावयास हरकत नाही.

एवढे सर्व साधूनही एक पेच उरतो. १२४ च्या गतीत कोळीगीताच्या आतल्या थापा मुख्य झोक्यानंतर सुमारे १६१ आणि ३२३ सहस्रांश सेकंदांनी पडतात, तर विद्युत् ठेक्यातील झांजेसारखा आवाज बरोबर मध्यावर, २४२ व्या सहस्रांशावर पडतो. मुख्य ठोके बिनचूक जुळलेले, पडद्यावरील रेषा एकाखाली एक आलेल्या, आणि तरीही चाल लंगडते! ‘काहीतरी बिघडले आहे’ असे ऐकणारे म्हणतात आणि शिकाऊ पडद्याकडे बोट दाखवून आपले निरपराधित्व सिद्ध करू पाहतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. उपाय अनेक आहेत. संक्रमणाच्या काळात विद्युत् गाण्याचे वरचे स्वर उतरवून ती झांज दडपून टाकता येते. कोळीगीतातील ज्या भागात नुसता गळा आहे तो भाग निवडता येतो. अथवा दोन गाणी एकमेकांवर न घालता समेवर एक तोडून तेथेच दुसरे सुरू करता येते. यांपैकी शेवटचा मार्ग पुस्तकी शिक्षण घेतलेल्यांना कमीपणाचा वाटतो. हळदीच्या अंगणात मात्र तोच सर्वांत अधिक चालतो, कारण नाचणाऱ्यांना तो झटका आवडतो.

हा ‘आवडतो’ हा पुरावा कितपत धरावा, हा प्रश्न या कलेइतकाच जुना आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविणारा कूल हर्क हा जमैकाहून आलेला तरुण नाचणाऱ्यांकडे बारकाईने पाहत असे. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा येईपर्यंत काही मंडळी थांबून राहतात, हे त्याने हेरले, आणि तोच तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबविण्याची युक्ती काढली. त्याला हा अभिप्राय कोणी शब्दांत दिला नव्हता. तो पायांनी दिलेला होता. याच्या उलट अनुभव त्याच भागातील ग्रँडमास्टर फ्लॅश याचा. तुकडे अचूक जोडण्याचे तंत्र त्याने परिश्रमाने सिद्ध केले आणि ते प्रथम लोकांपुढे ठेवले तेव्हा जमाव नाचेना. नुसता उभा राहून पाहू लागला. ही हकिगत त्याने स्वतःच पुढे सांगितलेली आहे. त्याचे तंत्र चुकलेले नव्हते, हे पुढील इतिहासाने दाखविले. पायांची साक्ष निवडीविषयी बहुधा खरी असते. कौशल्याविषयी ती विश्वासार्ह असतेच असे नाही. टेंभी नाक्यावरील दहीहंडीत किंवा दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर जमलेल्या तरुणांत लोकप्रिय गाणे कसेही जोडले तरी जल्लोष होतो. त्या जल्लोषावरून आपले संक्रमण साधले असे मानणारा शिकाऊ स्वतःचीच दिशाभूल करून घेतो.

मैफलीतील दाद आणि हा अभिप्राय यांतील अंतरही येथे पाहण्यासारखे आहे. गवई समेवर आला की जाणकाराची दाद त्याच क्षणी येते. म्हणून कोणत्या जागेला दाद मिळाली याविषयी संदेह राहत नाही. घरी केलेले मिश्रण मात्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी, एकट्याने ऐकले जाते, आणि मत येते ते सबंध तासाविषयी. जागेचा निर्देश हरवला की अभिप्रायाचे मूल्य निम्म्याहून कमी होते. हा तोटा भरून काढण्यास एकच मार्ग दिसतो. सबंध तास न देता पंधरा-वीस मिनिटांचा, तीन-चार संक्रमणांचा भाग द्यावा. ऐकणाऱ्यास कोठे कान टवकारले, कोठे लक्ष उडाले, त्या ठिकाणचे मिनिट व सेकंद टिपून ठेवण्यास सांगावे. आणि प्रश्न एकच विचारावा. ‘सातव्या मिनिटाला गाणे बदलले ते कळले का?’ या प्रश्नाला उत्तर देता येते. ‘कसे आहे?’ या प्रश्नाला मित्र फक्त ‘भारी’ म्हणू शकतो. त्यात त्याचा दोष नाही.

परस्परविरुद्ध मते आली म्हणजे नवशिका गोंधळतो. अशा वेळी उपायापेक्षा ठिकाणाकडे पाहणे अधिक फलदायी होते. चार जणांनी अकराव्या मिनिटाविषयी चार निराळे उपाय सुचविले असतील : एक म्हणेल गाणे बदल, दुसरा म्हणेल लवकर ये, तिसरा बेस उतरव म्हणेल, चौथ्याला ते गाणेच आवडत नसेल. चौघांचेही निदान चुकीचे असू शकेल; पण अकराव्या मिनिटाला काही तरी अडते यावर त्यांचे नकळत एकमत झालेले असते.

कानाच्या अवस्थेचाही विचार करणे प्राप्त आहे. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसता येतो असे व्यावसायिक आरोग्यशास्त्रात धरले जाते, आणि दर ३ डेसिबेलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते; त्या हिशेबाने १०० डेसिबेलला ती अवघी १५ मिनिटे उरते. मिरवणुकीत तासन्‌तास भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या मनुष्याचे कान त्या रात्री वरचे स्वर नीट ऐकत नाहीत. त्याने दिलेले ‘आवाज दबलेला वाटतो’ हे मत त्याच्या कानांचे वर्णन असते. हीच गोष्ट शिकाऊच्या स्वतःच्या कानांची. रात्री उशिरा हेडफोनवर वरचे स्वर चढवून केलेले मिश्रण सकाळी ऐकल्यास कर्कश वाटते, याचे कारण येथे आहे.

हेडफोनला पर्यायही थोडाच असतो. डोंबिवलीच्या चाळीत वा इमारतीत भिंतीपलीकडे दुसरे बिऱ्हाड असते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली असून, मोजके सवलतीचे दिवस वगळता रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निर्णयानंतर या नियमांच्या अंमलबजावणीचा आग्रह वाढला. रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. शिकाऊच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की मोठ्या ध्वनिक्षेपकांवर आपले मिश्रण कसे वाजते हे त्याला प्रथम कळते ते प्रत्यक्ष कार्यक्रमातच. आणि तेथे चूक दुरुस्त करण्यास अवकाश नसतो.

म्हणून हळदीच्या संध्याकाळी मुख्य वादकाच्या आधी मिळणाऱ्या अर्ध्या तासाला महत्त्व आहे. पंगत बसलेली असते, अंगणात लहान मुले तेवढी नाचत असतात, आणि या घटकेला कोणी मोलाची समजत नाही. या वेळी दोन मुद्रणे करून ठेवणे शक्य असते : एक मिक्सरमधून थेट घेतलेले, दुसरे अंगणाच्या कडेला ठेवलेल्या फोनवरचे. पहिल्यात मिश्रण स्वच्छ असते, पण माणसे नसतात. दुसऱ्यात आवाज फाटलेला असतो, पण मुलांचे ओरडणे, कोणी तरी गाणे ओळखून मारलेली हाक, मध्येच पडलेली शांतता, हे सर्व असते. दोन्ही मुद्रणे एकाच क्षणापासून सुरू केली असतील तर पहिल्यातील नववे मिनिट दुसऱ्यातील नवव्या मिनिटाशेजारी ठेवून पाहता येते, आणि साउंडवाल्याला किंवा तबला शिकणाऱ्या शेजाऱ्याला ते दोन्ही एकापाठोपाठ ऐकविता येतात.